कोणतं नॉयश्टाट?

१२ जानेवारी २०२५, रविवार

नॉयश्टाट, नॉयश्टाट, नॉयश्टाट! सकाळपासून या घरात दुसरा शब्द नाही.

मेघा जर्मन भाषेची परीक्षा पास झाली. आता इथली नर्सची नोकरी सोडून जर्मनीतल्या दवाखान्यात जाणार. दोन वर्षं घासली पोरीनं. ड्यूटी करून क्लास, क्लास करून ड्यूटी, बसमध्ये कानात इअरफोनची बोंडं घालून एकटीच पुटपुटत बसायची. लोकांना वाटायचं, हिचं काही तरी बिनसलं. मला अभिमान आहे. इथं लिहून ठेवतो, कारण तोंडानं मी फक्त म्हणालो, "बरं झालं."

शामलानं पेढा तोंडात असतानाच अट घातली. "एकटी पोट्टी परक्या मुलखात जाणार नाही. प्रीतम आहे तथीच मेघा जाईन, नाही तर नाही."

प्रीतम म्हणजे प्रीतम रामटेके. मेघाच्या दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होता, वर्षभरापूर्वी जर्मनीला गेला. तो राहतो नॉयश्टाटला. म्हणून मेघानंही नॉयश्टाटलाच जायचं! शामलानं त्याचा पत्ता मेघाकडून कागदावर लिहून घेतला आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावला, पाहुण्यांना दिसेल असा.

मी विचारलं, "मेघा, तुझं काय म्हणणं?"

"आई म्हणन तसं."

ही पोरगी एकोणतीस वर्षांत कधी आई म्हणेल तसं वागली? लाजली असेल. मुलींचं बापाला काय कळतं!

१४ जानेवारी

प्रीतमचा व्हिडिओ कॉल. "जय भीम, अंकल! तिळगूळ घ्या, गोड बोला! नो टेन्शन!"

याच्या प्रत्येक वाक्यामागे नो टेन्शन. बर्फ पडून राहिला — नो टेन्शन. नाइट ड्यूटी आहे — नो टेन्शन. अरे बाबा, माणसाला थोडं तरी टेन्शन असावं! गेल्या वर्षी जायच्या आधी भेटायला आला तेव्हा सगळ्या पाटवड्या एकट्यानं खाल्ल्या आणि आमच्यासाठी रस्सा ठेवला. वर म्हणाला, "काकू, रस्सा लय भारी झाला!" आणि त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका — "देवराव गजभिये, मनीषनगर, नागपूर." संपला पत्ता! पिनकोड नाही. पत्रिका आली लग्नानंतर चौथ्या दिवशी. रेल्वे मेलच्या सॉर्टिंगमध्ये चौतीस वर्षं घालवलेल्या माणसाला बिनपिनकोडचं पाकीट! हा मी अपमान समजतो.

शामलाला त्याच्यात काहीच खोट दिसत नाही. रामटेकचा, आपल्यातला, शिकलेला, आईबापाला रोज फोन करणारा. मी म्हटलं, रामटेके नावाची माणसं भंडाऱ्यात आहेत, चंद्रपुरात आहेत, सगळ्या विदर्भात आहेत, हा एकटाच खुद्द रामटेकात कसा राहून गेला? मेघा हसली. शामला नाही.

१६ जानेवारी

आज मोठा शोध लागला. मी सहज विचारलं, "मेघा, हे नॉयश्टाट कोणतं?"

"कोणतं म्हणजे? नॉयश्टाट."

"अवं बाई, मी तुले म्हटलं की नवेगावले जा, तर जाशीन काय?"

तिला समजेना. मग मी तिला माझी नोकरी पुन्हा एकदा समजावून सांगितली. (ती म्हणते, ही चाळीसावी वेळ.) आमच्यापुढं लाकडी खण असायचे, गावागावाचे. हातात पाकिटांचा गठ्ठा. नाव वाचून पाकीट टाकणारा तो नवशिक्या. खरा सॉर्टर आधी तालुका पाहायचा, मग पिन. नवेगाव खैरी पारशिवनी तालुक्यात, नवेगाव बांध तिकडं गोंदियात, आणि नुसती नवेगावं मोजायला बसलं तर चहा थंड होईल. नाव एक, गावं शंभर. नावावर जो गेला तो फसला.

मेघा म्हणाली, "बाबा, गंमत म्हणजे नॉयश्टाटचा अर्थही तोच. नवीन शहर."

"म्हणजे नवेगावच!"

"नवेगावच म्हणा ना."

मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पाहा तुमीच किती आहेत ते." पाहिलं. बाप्पा! जर्मनीत नॉयश्टाटचं पीक आलं आहे. नदीकाठचं, डोंगराजवळचं, समुद्राजवळचं, खनिज पाण्याचं. प्रत्येकाला शेपूट आहे: अमक्या नदीवरचं, तमक्या प्रांतातलं. आणि पिन! पाच आकडी, पहिल्या आकड्यावरून विभाग. अगदी आपल्यासारखं. मला तर एकदम घरच्यासारखं वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

जुनी डायरी काढली, मागच्या पानांपासून नॉयश्टाट लिहायला सुरुवात केली. शामला विचारते, "काय लिहून राहिले?" मी म्हटलं, "पोरगी जाणार त्या गावाची माहिती." खोटं नाही!

नुसती गावं असती तर आवरलं असतं. पण ड्रेस्डेन शहरात नॉयश्टाट नावाचा एक भाग, त्याचं वेगळं रेल्वे स्टेशन. हॅम्बुर्गमध्ये नॉयश्टाट, ब्रेमेनमध्ये नॉयश्टाट. म्हणजे आपल्या शहरातही नवेगाव असावं तसं. ऑस्ट्रियात एक. कॅनडात एक, तिथं कोण घेऊन गेलं कोणास ठाऊक. पोलंडमधल्या दोन गावांचं पूर्वीचं नाव हेच. मग माणसं! नॉयश्टाट आडनावाचा एक अमेरिकन प्राध्यापक. अमेरिकेतच या नावाचं एक साहित्याचं बक्षीस. बक्षीससुद्धा! आमच्याकडं नवेगाव नावाचं बक्षीस द्या, कोणी घ्यायला येणार नाही.

एकतीस झाली. जेवणाचं ताट दोनदा थंड झालं. शामला म्हणाली, "रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी यांचं सॉर्टिंग सुरूच आहे."

फ्रिजवरचा प्रीतमचा पत्ताही तपासला. पिन ६७४३३, नॉयश्टाट आन डेअर वाइनश्ट्रासे. शेपटाचा अर्थ मेघाला विचारला. ती म्हणाली, "वाइनचा रस्ता."

मी शामलाला हाक मारून सांगितलं, "ऐकलं का? तुझा जावई दारूच्या रस्त्यावर राहून राहिला!"

"जावई" हा शब्द माझ्याच तोंडून गेला. शामला इतकी खूश झाली की दारू ऐकूच आली नाही. मेघा उठून आत गेली.

२४ जानेवारी

मेघाची मुलाखत, कॉम्प्युटरवर, तिला जर्मनीला पाठवणाऱ्या एजन्सीमार्फत; दवाखाना नंतर निवडायचा. मी दाराच्या फटीतून पाहून राहिलो होतो. पडद्यावर तिघं जर्मन, मधल्या टकल्या माणसाचं नाव — हेर नॉयश्टाट! मी तोंडात रुमाल कोंबला. मेघानं नंतर सांगितलं, हा राहतो दुसऱ्याच कुठल्या तरी गावात. नॉयश्टाट नॉयश्टाटमध्ये राहत नाही आणि रामटेके खुद्द रामटेकचा निघतो. जगाचं सॉर्टिंग बिघडलं आहे.

मेघा अशी खडखडीत बोलली की काय सांगू. एक अक्षर समजलं नाही, तरी डोळ्यांत पाणी आलं.

जुन्या डायरीत लिहिलं: ३२. टकला.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पाप केलं. नाही, पाप मोठा शब्द झाला. खोडी केली. मोठी खोडी.

सकाळी मेघा युनिफॉर्म घालून, बॅग खांद्यावर टाकून दारात. "बाबा, ड्यूटीले उशीर होऊन राहिला. हा फॉर्म चार वाजेपर्यंत एजन्सीत द्याचा आहे. दवाखान्यांची यादी आहे, एकावर टिक करा लागते. नॉयश्टाटवर करजा. पत्ता फ्रिजवर आहेच. सही म्या करून ठेवली." आणि गेली भरभर.

यादीत अकरा ओळी. त्यात तीन नॉयश्टाट! पिन ०१८४४, पिन २३७३०, पिन ६७४३३. फ्रिजवर पाहिलं. ६७४३३. झालं, सरळ काम. पहिल्या दिवशी कामाला लागलेला पोरगासुद्धा चुकणार नाही. पेन उचललं, बरोबर ओळीवर नेलं — आणि हात थांबला.

डोळ्यांपुढं तो पाटवड्यांचा रिकामा टोप आला. नो टेन्शन, अंकल! मनात म्हटलं, अरे, तुले थोडं टेन्शन मी देतो.

पण खरं कारण ते नाही. इथं कोणी वाचत नाही, तर खरं लिहितो. पोरगी जर्मनीला दिली, ठीक. छातीवर दगड ठेवून दिली. पण त्याच टिकेत प्रीतमलाही देऊन टाकायची? एका दिवसात, एका पेनानं, दोन ठिकाणी पोरगी द्यायची? मला नाही जमलं.

पेन वर सरकलं. २३७३०, नॉयश्टाट इन होल्श्टाइन. समुद्राकाठचं. प्रीतमपासून सहाशे किलोमीटरच्या वर. टिक! अशी टिक की कागद फाटायचाच राहिला.

चौतीस वर्षं. किती लाख पाकिटं या हातातून गेली. एखादं चुकलं असेल, पण जाणूनबुजून एकही भलत्या खणात टाकलं नाही. पहिलं टाकलं ते पोटच्या पोरीचं!

एजन्सीत सोनिका मॅडमनं फॉर्म घेतला, शिक्का मारला. आणि खोटं कशाला लिहू, परत येताना मी शीळ घालत होतो.

४ फेब्रुवारी

झोप छान लागली. हे काही बरं लक्षण नाही.

२२ फेब्रुवारी

दवाखान्याचा करार आला! दहा पानं, सगळं जर्मन. शामलानं तो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला, मेणबत्ती लावली. मग एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हेच ना नॉयश्टाट? तेच ना?"

मी म्हटलं, "हो, नॉयश्टाटच."

कोर्टातसुद्धा हे चाललं असतं.

संध्याकाळी प्रीतमचा कॉल. हा आता विचारणार, दवाखाना कोणता, आणि माझा खेळ खलास. विचारलंच त्यानं. मेघा म्हणाली, "सरप्राइज आहे. आल्यावर सांगीन." तो हसला. "ओके ओके, नो टेन्शन!"

वाचलो! पोरगीच नकळत बापाच्या बाजूनं खेळून राहिली. मी उठून सगळ्यांसाठी चहा केला. शामला म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला म्हणावं?"

२ मार्च, रविवार

प्रीतमनं फोटो पाठवला. एक सायकल. जुनी आहे, पण त्यानं पुसून, पुढं टोपली लावून ठेवली आहे. खाली लिहिलं: मेघासाठी, इथं सायकलशिवाय जमत नाही.

दुसरा फोटो, भिवापुरी तिखटाचा रिकामा डबा. "काकू, मेघाजवळ पाठवजा."

पोट्टा वाईट नाही. हे मला आज दिसलं, आणि ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं. वात आणतो, पण वाईट नाही. सायकल घेऊन बसला आहे सहाशे किलोमीटर दूर.

शीळ बंद झाली.

९ मार्च

मुकुंदला सांगितलं. मुकुंद माझ्याच पाळीत होता, शेजारच्या खणांवर. शंकरनगरच्या टपरीवर भेटतो आम्ही रविवारी. आधी तो इतका हसला की चहा नाकात गेला. मग एकदम गंभीर झाला.

"अबे देवराव, चूक झाली असती तर लेखी खुलासा. मुद्दाम केलं म्हणजे चार्जशीट. आठवते ना?"

"आठवते."

"भलत्या गावी गेलेलं पाकीट काय करत होतो आपण?"

"मिससेंटचा शिक्का मारून बरोबर जागी रवाना."

"मंग? पाकीट अजून इथंच आहे. कर ना रवाना!"

खरंच की. अजून कुठं गेली ती?

११ मार्च

एजन्सीत गेलो. सोनिका मॅडमला म्हटलं, मॅडम, एक छोटी गलती हो गई, दूसरे नॉयश्टाट में डालना था.

तिनं कपाळावर हात मारला. "अंकल, अब कैसे होगा? वीज़ा की फाइल में यही हॉस्पिटल है. वापस लिया तो सीट गई. फिर से नंबर लगाओ, आठ-दस महीने. और मिलेगी कि नहीं, गारंटी नहीं. मेघा को बुलाऊँ क्या?"

"नहीं नहीं! रहने दो. सब ठीक है."

असा अडकलो! दुरुस्त केलं तर पोरीची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. शामलाला सांगितलं तर ती अटीवर बसणार: प्रीतम नाही तर जर्मनी नाही. पुन्हा पोरीची मेहनत पाण्यात. आणि गप्प राहिलो तर माझी पोरगी परक्या देशात एकटी उतरणार, ओळखीचं कुत्रं नाही, आणि तिला वाटून राहणार की प्रीतम इथंच कुठं तरी आहे.

तीन रस्ते, तिन्ही माझ्याच टिकेतून निघालेले. भैताड आहेस देवराव, भैताड!

२३ मार्च

मेघाला सांगायचंच असं ठरवून गच्चीवर गेलो. ती कपडे वाळत घालून राहिली होती.

"मेघा, त्या फॉर्मबद्दल—"

"बाबा, थंडीत तुमचा तो काळा स्वेटर मी नेऊ?"

"ने ना. पण फॉर्म—"

"आणि मफलरही. आईचा नको, त्याले डांबरगोळ्यांचा वास येते."

मग एकदम म्हणाली, "बाबा, तुमी मले कधी काही करायले अडवलं नाही. का बरं?" मी म्हटलं, "तू ऐकलं असतंस काय?" ती हसली आणि माझ्या खांद्यावर ओली चादर टाकली, "धरा एक टोक." त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार? खाली आलो.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. सकाळी संविधान चौकात जाऊन आलो. दुपारी प्रीतमचे आईबाप रामटेकहून आले. त्याच्या आईचं नाव कौसल्या, गरीब स्वभावाची बाई. मेघासाठी जांभळी साडी आणली. "तिकडंच दोघांचं जमून जाईन, मंग दिवाळीत आले की मंगलपरिणय करून टाकू." शामलाच्या तोंडावर असं तेज की विचारता सोय नाही.

मेघा स्वयंपाकघरात धुतलेली भांडी पुन्हा धुऊन राहिली होती. लाजेनं, दुसरं काय! त्या भांड्यांचा आवाज ऐकत मी कौसल्याबाईंना बर्फी वाढली. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी खाऊन नाही राहिले." मी म्हटलं, "शुगर आहे." नाही मला शुगर!

३० एप्रिल

व्हिसा आला. सगळे नाचले. मीही नाचलो, उगाच.

१ जून, रविवार

तिकीट हॅम्बुर्गचं. प्रीतमचं नॉयश्टाट फ्रँकफुर्टच्या बाजूला, हे आता मला झोपेतही पाठ आहे. शामलाला काय, हॅम्बुर्ग काय नि फ्रँकफुर्ट काय, दोन्ही जर्मनीच. पण मेघाला? तीनदा तिकीट पाहिलं तिनं. एकदाही विचारलं नाही. ही पोरगी नर्स म्हणून हुशार असेल, भूगोलात पार शून्य. माझी पोरगी आणि नकाशा पाहत नाही! मलाच लाज वाटली.

८ जून, रविवार

गेली.

विमानतळावर शामला रडली, मी बॅगांचं वजन विचारत बसलो. आत जाताना मेघा वळली, परत आली आणि मला घट्ट धरलं. आईला सोडून मला! मी म्हटलं, "पोरी, काही चुकलं असन तर—" ती म्हणाली, "चला बाबा, लाइन सरकली." काचेमागं माझा काळा स्वेटर दिसला, मग तोही दिसेना.

घरी आल्यावर तिच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या भिंतीला चिकटलेल्या. खिडकी — फेन्स्टर. भिंत — वांट. आरशावर चिठ्ठी: मी — इश.

१० जून

पोचली. दवाखान्याची माणसं स्टेशनवर घ्यायला आली होती. फोनवर शामला ओरडून विचारते, "प्रीतम आला काय वं?" मेघा म्हणते, "आई, आवाज तुटून राहिला."

आवाज मला तर स्वच्छ येत होता.

११ जून

फुटलं भांडं!

सकाळी प्रीतमचा फोन, शामलानं स्पीकरवर टाकला. "काकू, मेघाचा मेसेज आला. ती दुसऱ्याच नॉयश्टाटला आहे! मी कालपासून इथं स्टेशनवर चकरा मारून राहिलो. ती म्हणते, फॉर्म अंकलनं भरला, टिक चुकली. अंकल, तुमी टेन्शन नका घेऊ. होते चूक. माणूसच आहो आपण. मी सुट्टीत जाईन तिले भेटाले, सायकल रेल्वेत टाकता येते."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहिलो असतो. या समजूतदारपणानं मी खुर्चीत बसलो.

फोन बंद झाला. शामला माझ्याकडं पाहून राहिली. पाहूनच राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या हातून चूक झाली. पिनकोडची. तुमच्या हातून."

मी फोन उचलून चार्जिंगला लावला.

"दिवाळीच्या कार्डावर पिनकोड नसला तर ते परत करणारा माणूस तुमी! मुद्दाम केलं ना?"

चाळीस वर्षांचा संसार. हिच्यापुढं खोटं टिकत नाही. मान हलवली.

"काहून?"

मी सांगितलं. पाटवड्यांचं सांगितलं, मग खरं ते सांगितलं, की एकाच दिवशी दोनदा पोरगी देता आली नाही. वाटलं, ती ऐकेल. तिनं ऐकलं. म्हणाली, "माझी पोट्टी तथी एकटी आहे." बस, एवढंच. आणि पदर तोंडाला लावून आत गेली. असं रडणं मी तिच्या आईच्या मरणालाही पाहिलं नव्हतं.

१२ जून

पत्र लिहिलं. फोनवर जमणार नाही. चार पानं. सगळं लिहिलं: ओळ, पिन, पेन, हात कसा थांबला, शीळसुद्धा. लिहिलं, की चूक नव्हती, मेघा. मी तुला जाणूनबुजून भलत्या गावी टाकलं. तुला प्रीतमकडं जायचं असेल तर मी स्वतः एजन्सीच्या पायऱ्या झिजवीन, त्याची माफी मागीन, रामटेकला जाऊन कौसल्याबाईंच्या पाया पडीन. तुझी आई माझ्याशी बोलत नाही, ते बरोबरच आहे. तू बोलत राहा.

पाकिटावर पत्ता लिहिला. नॉयश्टाट इन होल्श्टाइन, २३७३०. तीनदा तपासला. जीपीओत स्वतः जाऊन टाकलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, व्हॉट्सअ‍ॅप करा ना, लवकर जाते." मी म्हटलं, "लवकर नाही पाठवायचं, बरोबर पाठवायचं आहे."

१७ जून

शामला अजून मुकी. भाजीत मीठ आहे, म्हणजे आशा आहे.

२० जून

प्रीतमला फोन केला, स्वतःहून, आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "बाबू, चूक नव्हती, मी मुद्दाम—" तो मधेच म्हणाला, "अंकल, तुमी आता मनाले लावून घेऊ नका, तुमचं बीपी वाढन. नो टेन्शन!" ऐकूनच घेत नाही! गुन्हा कबूल करायलाही हा माणूस जागा देत नाही.

२४ जून

मेघाचा फोन, आई विहारात गेल्याची खात्री करून. पत्र पोचलं. मी म्हटलं, "माफ कर पोरी."

ती हसून राहिली! "बाबा, तीन फेब्रुवारीले माझी ड्यूटीच नव्हती. युनिफॉर्म घालून मैत्रिणीकडं बसली होती, चार वाजेपर्यंत. प्रीतम चांगला आहे, पण मले त्याच्याशी लग्न नाही कराचं. त्याले नाही म्हणाची हिंमत नव्हती, आणि आईनं तर मले जाऊच दिलं नसतं. म्हणून फॉर्म तुमच्याजवळ दिला. मले माहीत होतं, माझे बाबा त्याच्या पिनवर टिक नाही करत."

मी डायरी काढून तीन फेब्रुवारीचं पान पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, प्रीतमले मी स्वतः सांगीन, थोडा वेळ द्या. तोवर आईले काही सांगू नका. तुमच्यावरच राहू द्या."

बरं, म्हटलं. राहू दे माझ्यावर.